मांजराला शी होत नाहीये? पेस्ट मागायच्या आधी हे वाचा

आठवड्यातून दोन-तीन जण तरी दुकानात येऊन काउंटरवर मोबाईल पुढे करतात, फोटोत लिटर ट्रे, म्हणजे मांजराच्या शी-शूसाठी वाळूसारखे दाणे (लिटर) भरलेला ट्रे असतो, आणि विचारतात की दादा बघा ना, हे नॉर्मल आहे का. लाजू नका, दाखवत जा, आम्हाला सवय आहे. पण गर्दीत सांगताना अर्धं राहून जातं म्हणून हा कागद छापलाय. आम्ही डॉक्टर नाही, दुकानदार आहोत आणि घरी तीन मांजरं आहेत, त्यांनी जे शिकवलं आणि आमच्या डॉक्टरांनी ओरडून जे शिकवलं तेवढंच यात आहे.

हेअरबॉल पेस्टची, म्हणजे पोटात गेलेल्या केसांवरच्या पेस्टची ट्यूब हातात द्यायच्या आधी आम्ही एक प्रश्न विचारतो आणि लोक वैतागतात. शू होतेय का?

मागे एक काकू आल्या, म्हणाल्या बोका सकाळपासून ट्रेमध्ये जाऊन बसतोय, कुंथतोय, ओरडतोय, बाहेर येतोय, परत जातोय, त्याची शी अडकलीय, काहीतरी द्या. मी म्हटलं ट्रेमधून शूचे गोळे, म्हणजे शूने भिजून लिटरचे होतात ते, कधी काढले होते. त्यांनी बराच वेळ आठवलं आणि म्हणाल्या, काल संध्याकाळनंतर एकही नाही हो. त्यांना तशाच रिक्षात बसवून डॉक्टरकडे पाठवलं. शी नाही, शू तुंबली होती. बोक्याची मूत्रनळी फार अरुंद असते, बारीक खड्यांनी नाहीतर चिकट बुचासारख्या घाणीने बंद होते, आणि शू पूर्ण थांबली तर एक-दोन दिवसांत जिवावर बेततं. लांबून बघणाऱ्याला दोन्हीचं कुंथणं सेम दिसतं. त्यामुळे बोका सारखा ट्रेमध्ये जातोय आणि शूचा गोळा दिसत नाहीये तर आमच्याकडे येऊच नका, रात्रीचे अकरा वाजले असले तरी डॉक्टर गाठा.

शू नीट होतेय? मग शीचं बघू.

मांजराला साधारण दिवसातून एकदा शी होते, काहींना दीड दिवसाने, तेही चालतं. चांगली शी गडद तपकिरी, बोटासारखी आणि बाहेरून ओलसर असते, म्हणजे लिटरचे दाणे तिला चिकटतात. बद्धकोष्ठ झालं की सुपारीएवढे सुटे खडे पडतात, त्यांना लिटर चिकटत नाही आणि स्कूपमध्ये घेतले की चक्क वाजतात. हा स्कूपमधला आवाज लक्षात ठेवा, शी बंद व्हायच्या बरेच दिवस आधी तो ऐकू येतो. दोन दिवस शी झाली नाही तर डॉक्टरांना फोन करा, आणि सोबत उलट्या असतील, खाणं सोडलं असेल, पोट हाताला टणक लागत असेल तर दोन दिवसही थांबू नका. अजून एक फसवं प्रकरण असतं, आत कडक गोळा अडकलेला असतो आणि त्याच्या बाजूने थोडं थोडं पातळ झिरपतं, घरचे म्हणतात जुलाब लागले आणि जुलाब थांबवायचं औषध देतात, म्हणजे आधीच अडकलेलं अजून घट्ट करतात.

कारणं बरीच आहेत पण दुकानात येणाऱ्या दहांतल्या बहुतेकांशी बोललं की गाडी पाण्यावरच येते. मोठ्या आतड्याचं कामच शीतलं पाणी ओढून घ्यायचं असतं, शी जितकी जास्त वेळ आत थांबेल तितकी सुकत जाणार. आणि मांजराला मुळात तहान कमी, त्याचे पूर्वज कोरड्या मुलखातले, शिकारीतून मिळेल त्या पाण्यावर भागवणारे. गावी आजीकडे मांजरीसाठी पाण्याचं भांडं ठेवलेलं मी कधी पाहिलं नाही, तिचं पाणी उंदरातून यायचं. फ्लॅटमधल्या मांजराला उंदीर कुठून मिळणार, त्याला आपण दाणे देतो, आणि ड्राय फूडमध्ये पाणी जेमतेम 10 टक्के असतं. चार किलोच्या मांजराला दिवसाला खाण्यातलं धरून साधारण 200 मिली पाणी लागतं. 60 ग्रॅम दाण्यांतून मिळतं 6 मिली. ओल्या फूडच्या 85 ग्रॅमच्या एका पाऊचमधून 65 मिलीच्या आसपास. आता तुम्हीच हिशोब करा, आम्ही सांगितलं की म्हणाल पाऊच खपवायला बघतोय.

पाऊच परवडत नसेल तर दाणेच कोमट पाण्यात पंधरा मिनिटं भिजवा, उरलेले तासाभरात उचलून टाका, मे महिन्यात तर लगेच आंबतात. पाण्याची पसरट भांडी घरात दोन-तीन ठिकाणी ठेवा, ट्रेपासून लांब, संडासाजवळचं पाणी आपण तरी पिऊ का. चिकन उकडल्याचं पाणी बहुतेकांना आवडतं, पण त्यात मीठ, मसाला, कांदा, लसूण काही नको, कांदा-लसूण मांजराला विषारी आहे, रक्तातल्या लाल पेशी फुटतात.

दुसरं कारण ट्रे. ट्रे घाण असेल, वॉशिंग मशीनच्या शेजारी असेल आणि ऐन वेळी ते स्पिनला घुरघुरायला लागलं, किंवा लिटर बदललं, तर मांजर सरळ शी धरून ठेवतं. आम्ही वासाचं लिटर आणलं तेव्हा आमच्याच मनीने दोन दिवस ट्रेकडे ढुंकून बघितलं नव्हतं, आणि ते लिटर आम्ही लोकांना छान आहे म्हणून विकत होतो. मांजरं जितकी त्यापेक्षा एक ट्रे जास्त, असा हिशोब धरा. म्हाताऱ्या मांजराचे सांधे दुखतात, उंच काठाच्या ट्रेमध्ये चढणं त्याला जिवावर येतं, त्याला बुटका ट्रे द्या, आणि त्याची किडनी एकदा तपासून घ्या, कारण किडनी थकली की अंगातलं पाणी कमी होतं आणि शी कडक होते. गॅलरीतून पडून कधी कंबरेचं हाड मोडलं असेल तर ते वाकडं जुळून आतला रस्ता अरुंद होतो, अशा मांजराला पुन्हा पुन्हा त्रास होतो आणि शेवटी आतडं ताणून सैल पडतं, तिथे घरगुती उपाय करत बसू नका.

घरी काय करता येईल? लाल भोपळा नुसता वाफवून, कुस्करून, एक छोटा चमचा पाऊचमध्ये. सगळ्यांना लागू पडतो असं नाही, पण चांगल्या खात्यापित्या मांजराला देऊन बघायला हरकत नाही. इसबगोल डॉक्टरांना विचारूनच, आणि भरपूर पाण्यात फुलवून, कोरडं दिलं तर आत अजून बुच बसेल. शी मऊ करणारं लॅक्टुलोजचं सिरप चालतं, पण किती मिली ते वजन बघून डॉक्टर सांगतील. पर्शियन असेल तर रोज ब्रश करा, पोटात केस कमी जातील. हेअरबॉल पेस्ट त्यासाठी आहे, तीन दिवस अडकलेली शी तिने सुटत नाही, आमचा धंदा असूनही सांगतो.

मेडिकलमध्ये मिळणारा माणसांचा एनिमा मांजराला कधीच देऊ नका, त्यातल्या फॉस्फेटने मांजर मरू शकतं. एरंडेल नको. लिक्विड पॅराफिन तोंडात ओतू नका, त्याला चव नसते, मांजराला गिळायचं कळत नाही आणि ते फुप्फुसात जातं.

आणि दूध. मांजर म्हटलं की दूध हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय, पण बहुतेक मोठ्या मांजरांना दुधातली साखर पचत नाही, पातळ शी होते, आणि मग लोक म्हणतात बघा पोट साफ झालं.

पातळ शीचं थोडक्यात. फूड बदलायचं तर जुन्यात नवं थोडं थोडं मिसळत सात ते दहा दिवस घ्या, ऑफर लागली म्हणून एका दिवसात बदलू नका. जंताचं औषध कधी दिलं होतं ते बघा. लस न झालेल्या पिल्लाला उलटी-जुलाब एकत्र सुरू झाले, किंवा शीत रक्त दिसलं, तर त्याच दिवशी डॉक्टर. पोटाला आराम म्हणून मांजराला उपाशी ठेवायचं नाही, माणसाचा नियम इथे चालत नाही, जाड मांजर दोन-तीन दिवस खाल्ल्याशिवाय राहिलं तर लिव्हर बिघडतं.

दोरा मात्र डोक्यात ठेवा. एका ताईंच्या मांजरीने देवाजवळचा सुकलेला गजरा चघळला, फुलं ओकली, दोरा आत गेला. दुसऱ्या दिवशी शेपटीखाली चार बोटं दोरा लटकताना दिसला आणि त्या ओढणारच होत्या. ओढायचा नाही! आत तो आतड्यात अडकलेला असतो, ओढला की आतडं कापलं जातं. मांजा, राखी, शिवणाचा दोरा, सगळ्याला हेच.

डॉक्टरकडे जाताना कुंथतानाचा व्हिडिओ आणि शीचा नमुना घट्ट झाकणाच्या डबीत घेऊन जा. आणि लिटर बदलायचा विचार असेल तर अख्खी बॅग घेऊ नका, आधी अर्धा किलो सुटं घेऊन जा, मांजराला पटलं तर बॅग न्या. पिशवी घरून आणा.