गाणं आणतं कोण: फोन की स्पीकर?

फोन खिशात घालून दोन खोल्या ओलांडल्या की बाहेरच्या खोलीतलं गाणं अडखळायला लागतं. त्याच घरात, तसाच दिसणारा दुसरा एक स्पीकर फोन बंद केला तरी गातच राहतो. दोन्ही बिनतारी, दोन्ही फोनवरूनच सुरू केलेले. त्यामुळे सरसकट सगळ्यांनाच ‘ब्लूटूथ स्पीकर’ म्हणायची सवय पडली आहे, आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

ब्लूटूथवर गाणं आणतो फोन. इंटरनेटवरून उचलायचं, उलगडायचं, पुन्हा बांधायचं आणि स्पीकरकडे ढकलायचं, ही सगळी हमाली त्याची. वायफाय स्पीकरवर ‘कास्ट’ केलं, म्हणजे ॲपमधल्या चिन्हावरून गाणं स्पीकरकडे सोपवलं, की फोन नुसता पत्ता सांगतो; गाणं स्पीकर स्वतः राउटरमार्फत ओढून घेतो. पहिला प्रकार पाणक्याचा, दुसरा घरातल्या नळाचा. पाणक्या बाहेर गेला की पाणी बंद. नळाला कोण घरात आहे न् कोण नाही याच्याशी देणंघेणं नसतं.

एवढं लक्षात आलं की बाकीची कोडी आपोआप सुटतात. ब्लूटूथवर ऐकताना फोन आला की गाणं थांबतं, मेसेजची टिंग स्पीकरवर साऱ्या घराला ऐकू जाते, आणि तासन्‌तास रेडिओ लावला तर बॅटरी फोनची जाते. कास्ट केल्यावर यातलं काही होत नाही, कारण फोन त्या वाटेवर नसतोच. अंतराचंही तेच. घरगुती ब्लूटूथची पोच साधारण १० मीटर धरतात, तीही मध्ये भिंती नसतील तर. वायफायचा स्पीकर फोनपासून किती लांब आहे याला अर्थच नाही. तो राउटरच्या टप्प्यात असला की झालं.

आवाजाच्या दर्जावर लोक हिरीरीने भांडतात, पण मुद्द्याची गोष्ट त्यात क्वचितच येते. इंटरनेट रेडिओचा प्रवाह मुळातच दाबून बारीक केलेला असतो. पुष्कळ केंद्रं सेकंदाला १२८ किलोबिट किंवा त्याच्या आसपास पाठवतात. सीडीचा मूळ आकडा १,४११ आहे, म्हणजे अकरा भागांतला एकच भाग शिल्लक. ब्लूटूथवर ऐकताना फोन हा दाबलेला आवाज सहसा आधी उलगडतो आणि मग ब्लूटूथच्या कोडेकमध्ये, म्हणजे आवाज दाबायच्या ठरलेल्या पद्धतीत, पुन्हा दाबतो. प्रत्येक ब्लूटूथ स्पीकरला सक्तीचा असलेला एसबीसी कोडेक नेहमीच्या वरच्या दर्जाला सुमारे ३२८ किलोबिटपर्यंत जातो, एलडीएसी नावाचा दुसरा कोडेक ९९० पर्यंत. आकडा मोठा असला तरी एकदा घडी पडलेल्या कापडाची ही दुसरी घडी, आणि दुसरी घडी पहिलीवर नेमकी बसत नाही. वायफाय स्पीकर तोच प्रवाह जसाच्या तसा घेऊन एकदाच उलगडतो. स्वयंपाकघरातल्या छोट्या डब्यावर हा फरक कुणाला कळेल असं मला वाटत नाही. मोठ्या स्पीकरवर, शांत खोलीत, झांजा आणि टाळ्यांच्या आवाजात कळतो.

आता एक खोच. वायफाय म्हटलं की नळ, असंही नाही. ॲपलच्या एअरप्लेमध्ये गाणं राउटरवरूनच जातं, पण बहुतेक वेळा ते पाठवत असतो फोनच. पाणक्या तोच, फक्त रस्ता रुंद. एअरप्ले २०१० साली आलं, गूगलचं क्रोमकास्ट (वरचं ‘कास्ट’ त्यातलंच) २०१३ साली, आणि एकाच स्पीकरवर दोन्ही चिन्हं दिसली की माणूस ती एकच समजतो. फोनमध्येच साठवलेली गाणी कास्ट केली तरी फोन जागा ठेवावा लागतो, कारण तेव्हा गोदाम त्याच्याच पोटात असतं. म्हणून चिन्हांवर जाऊ नये. गाणं सुरू करा आणि फोन पूर्ण बंद करा. विमान मोड चालणार नाही, कारण काही फोन त्यातही ब्लूटूथ सोडत नाहीत. गाणं चालू राहिलं तर स्पीकर आपल्या पायावर उभा आहे.

तीन खोल्यांत एकच गाणं हवं असेल तर मात्र वाद संपतो: वायफाय घ्या. एकमेकांशी जुळणारे असे स्पीकर घड्याळं जुळवून वाजतात. तेवढी जुळणी नसेल तर दारात उभं राहिल्यावर एकच ओळ दोनदा, विहिरीत ओरडल्यासारखी ऐकू येते. ब्लूटूथची जुनी रीत एका फोनकडून एका स्पीकरकडे अशीच होती. एका वेळी अनेकांना ऐकवणारं ऑराकास्ट २०२२ मध्ये जाहीर झालं, पण त्यासाठी दोन्ही टोकांची उपकरणं नवी लागतात.

(रेडिओच्या ठोक्यावर घड्याळ लावणाऱ्यांनी सांभाळा. इंटरनेट रेडिओ आधी थोडा साठा करून मग वाजवतो, त्यामुळे ‘आत्ता आठ वाजले’ हे काही सेकंद शिळं असतं. स्पीकर कुठलाही घ्या, यातून सुटका नाही.)

इतकं ऐकून ब्लूटूथ मोडीत काढायला निघाला असाल तर थांबा. नळाला नळयोजना लागते. राउटरचा पासवर्ड बदलला की वायफाय स्पीकर मुका, प्रवासात नेला तर परक्या नेटवर्कवर अडून बसणार. शिवाय केंद्रांची यादी त्याला बहुधा कुठल्यातरी कंपनीच्या सर्व्हरवरून मिळते. रेसिव्हा नावाची अशी एक सेवा २०२१ साली बंद झाली, तेव्हा तिच्यावर विसंबलेल्या धडधाकट इंटरनेट रेडिओंची केंद्रं शोधायची सोयच गेली. ब्लूटूथला असला मालक नाही. पंधरा वर्षांपूर्वीचा स्पीकर आजच्या फोनला जोडा, वाजेल.

माझी वाटणी अशी: घरात कायम एका जागी राहणारा स्पीकर वायफायचा, हातात धरून फिरवायचा तो ब्लूटूथचा. आणि जुना चांगला ॲम्प्लिफायर धूळ खात पडला असेल तर नवा स्पीकर घेऊच नका. त्याच्या मागच्या खाचेत वायर लावून एक छोटा नेटवर्क स्ट्रीमर जोडला की तोच राउटरवरून रेडिओ आणू लागतो.