बलुतेदारी

बलुतेदारी : महाराष्ट्रात, मुख्यतः देशावरच्या खेड्यांत, विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सर्रास चाललेली कामाच्या बदल्यात धान्य देण्याची व्यवस्था. गावाला लागणारी कामे ठरावीक जातींची घराणी पिढीजात करत आणि शेतकरी त्यांना प्रत्येक कामाचे पैसे न देता सुगीत पिकाचा ठरलेला वाटा देत. हा वाटा म्हणजे बलुते. तो घेणारा बलुतेदार किंवा कारू. ज्यांची गरज अधूनमधून लागे अशा तेली, तांबोळी, शिंपी, साळी, माळी, जंगम, गोंधळी इत्यादींना अलुतेदार किंवा नारू म्हणत. त्यांचा वाटा कमी आणि बेभरवशाचा असे.

बलुतेदार बारा मानले जातात : सुतार, लोहार, चांभार, महार, मांग, कुंभार, न्हावी, परीट, जोशी, गुरव, कोळी आणि मुलाणी. मात्र ही यादी सगळीकडे एक नव्हती. काही गावांत सोनार बारांत बसे, काही ठिकाणी तो अलुत्यात जाई. लहान गावात पाच-सहा बलुतेदारांवरच काम भागे आणि उरलेले शेजारच्या गावातून येत. ‘बारा बलुतेदार, अठरा अलुतेदार’ हा शब्दप्रयोग सगळा गाव म्हणजे काय हे सांगण्यासाठी रूढ झाला आहे, त्याला जनगणनेचा आकडा समजू नये.

उत्तर भारतातल्या जजमानीशी बलुतेदारीची नेहमी तुलना होते. जजमानीचे प्रसिद्ध वर्णन विल्यम वायझर यांनी 1936 मध्ये उत्तर प्रदेशातल्या एका गावावरून केले. तिथे सेवेचे नाते घराण्याचे घराण्याशी असते. महाराष्ट्रात बलुतेदार मुळात गावाचा असे, एका कुटुंबाचा नव्हे. अठराव्या शतकातली मराठी कागदपत्रे अभ्यासणारे जपानी इतिहासकार हिरोशी फुकाझावा यांनी हा फरक ठामपणे मांडला. गोव्यात गावकरीच्या, म्हणजे गावच्या सामुदायिक संस्थेच्या, मालकीच्या जमिनीतून गावसेवकांना सेवेच्या मोबदल्यात नमशीची जमीन तोडून देत. तो याच विचाराचा वेगळा अवतार म्हणता येईल.

तीन ओळी

बलुतेदारांच्या तीन ओळी असत : थोरली, मधली आणि धाकटी. ओळीला कास असाही शब्द होता. गाव ही गाय, आणि ज्याला जी कास लाभली त्याने ती पिळायची, अशी ही कल्पना. सुतार, लोहार आणि महार थोरल्या ओळीत. कुंभार, परीट, न्हावी मधल्या ओळीत. जोशी, गुरव, मुलाणी, कोळी धाकट्या ओळीत. चांभार आणि मांग यांची ओळ गावागणिक बदले. थोरल्या ओळीचे बलुते सर्वांत जास्त, धाकटीचे सर्वांत कमी.

बलुतेदारीचे मर्म या क्रमात आहे. ओळ ठरली ती शेतीला कोण किती लागतो यावरून. नांगर मोडला तर पेरणी अडते, म्हणून सुतार थोरला. गावाची शीव राखणे, सरकारी भरणा पोचवणे, सांगावा नेणे, मेलेले जनावर ओढून नेणे यांवाचून गाव एक दिवस चालत नसे, म्हणून महार थोरला. पंचांग सांगणारा जोशी धाकटा. पण खळ्यावरून माणसे घराकडे वळली की हा क्रम पुरता उलटा होई. धाकट्या ओळीतला जोशी गावाच्या माथ्यावर आणि थोरल्या ओळीतला महार गावकुसाबाहेर. ‘गाव तेथे महारवाडा’ ही म्हण महारांची गरज आणि त्यांची जागा दोन्ही एका दमात सांगते. कामाची किंमत गावाला नीट ठाऊक होती. ती धान्यात मोजली जाई, मानात कधीच नाही. केवळ अर्थव्यवस्था म्हणून बलुतेदारीकडे पाहणाऱ्या आणि केवळ जातिव्यवस्था म्हणून पाहणाऱ्या, अशा दोन्ही वर्णनांतून नेमकी ही गोष्ट निसटते.

खळे

बलुते घालण्याची जागा म्हणजे खळे. मधोमध तिवडा (मळणीचा खांब) रोवलेला, त्याभोवती बैलांची पात फिरून मळणी झालेली, उफणणी होऊन ज्वारीची रास पडलेली. राशीची पूजा झाली की बलुतेदार आपापल्या ओळीने वाटा नेत. कुणाला कणसांसकट कडब्याच्या पेंढ्या, कुणाला पायलीने मोजलेले दाणे. मोजमापात शेतकऱ्याचा हात आखडता होऊ शके. वर्षभर केलेल्या कामाचा हिशेब या एका दिवशी लागत असल्याने बलुतेदाराला तोंड सांभाळूनच बोलावे लागे. महार-मांगांनी राशीपासून लांब थांबायचे. खळ्याच्या तळाशी मातीत मिसळलेला दाणा झाडून न्यायचा, हाही त्यांचा ‘हक्क’ गणला जाई.

हक्क हा शब्द या व्यवस्थेत फार व्यापक होता. मेलेल्या जनावराचे कातडे, प्रेतावरचे कापड, पाळीच्या येसकराने (वेशीची राखण करणाऱ्या महाराने) दारोदार फिरून गोळा करायची भाकरी या सगळ्यांना हक्कच म्हणत. बिदरच्या बादशहाने महारांना बावन्न हक्कांची सनद दिली, अशी परंपरागत कथा आहे. अपमान आणि उत्पन्न एकाच पाटीत घालून दिल्यामुळे अपमान टाकायचा तर भाकरीही टाकावी लागे.

पैशाऐवजी धान्य का, याचे उत्तर जोखमीत आहे. पाऊस बेभरवशाचा, हातात नाणे क्वचित. पीक बुडाले तर शेतकऱ्यावर मजुरीचे कर्ज चढत नसे आणि बलुतेदारही कमी वाट्यावर तगून राही. पिकले तर दोघांचे भागे. शिवाय गावात दुसरा सुतार आणून पहिल्याला काढता येत नसे, कारण सुतारकी हे वतन, म्हणजे वंशपरंपरेचा हक्क होता. बलुत्याचा हिस्सा भाऊबंदांत वाटला जाई, गहाण पडे, विकलाही जाई. या सुरक्षिततेचे मोल कमी लेखू नये. पण तिची किंमत अशी की सुताराचा मुलगा सुतारच होई, आणि चांगला नांगर घडवणाऱ्याला वाईट नांगर घडवणाऱ्यापेक्षा जास्त धान्य मिळण्याची काहीच सोय नव्हती.

गावगाड्यात बलुतेदाराला आवाज होता, हेही नोंदवायला हवे. वतनाचा तंटा उभा राहिला की गावच्या वतनदारांची गोतसभा बसे, निवाड्याचा महजर (निकालपत्र) लिहिला जाई आणि त्यावर पाटील-कुलकर्ण्यांबरोबर बलुतेदारांच्याही साक्षी पडत. लिहिता न येणारे आपल्या अवजाराची निशाणी काढत : पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा, परिटाची मोगरी. माणसाची ओळख त्याच्या कामाशी किती घट्ट शिवलेली होती, याचा यापेक्षा बोलका पुरावा क्वचितच सापडेल.

सणसमारंभांतही तेच. लग्नात कुंभाराने मडकी आणायची, परिटाने पायघड्या घालायच्या, गुरवाने पत्रावळी पुरवायच्या. मुलाणी मुसलमान, तरी बोकड कापायला हिंदू घरांतही तोच लागे आणि बलुतेही त्याला ओळीतल्या इतरांसारखेच मिळे.

मोडण्याची रीत

बलुतेदारी एका कायद्याने किंवा एका वर्षात मोडली नाही. पहिला तडा सारावसुलीतून गेला. इंग्रजी अमलात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी 1830 च्या दशकात इंदापूर तालुक्यापासून जमिनीची नवी मोजणी व आकारणी सुरू केली. रयतवारीत प्रत्येक खातेदार सरकारला स्वतंत्रपणे, रोख सारा देऊ लागला. रोकड हवी म्हणून विकायचे पीक हवे. 1861 ते 1865 या अमेरिकन यादवीच्या काळात कापसाचे भाव चढले, तेव्हा ही ओढ आणखी वाढली. कापसाचे बलुते घालून कुणाचे पोट भरणार? भाव कोसळल्यावर शेतकरी सावकाराच्या हाती गेला आणि 1875 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्यापासून सावकारांविरुद्ध दख्खनचे दंगे पेटले. या साऱ्यात खळ्यावरच्या राशीवर बलुतेदाराआधी सावकाराचा हात पडू लागला.

दुसरा तडा विचारांचा. महात्मा फुले यांनी 24 सप्टेंबर 1873 रोजी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला. सत्यशोधक पद्धतीने भटाविना लग्ने लागू लागली, तेव्हा ग्रामजोशांनी आपली वृत्ती बुडाली म्हणून दावे लावले. जुन्नर तालुक्यातल्या ओतूरचा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. वरवर हा धर्माचा वाद, आत मिळकतीचा. मुंबईत 1890 मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांनी सभा घेऊन विधवांचे केशवपन करणार नाही असे ठरवले. ज्याच्या हातात वस्तरा होता त्यानेच तो खाली ठेवला, म्हणून या घटनेचे मोल मोठे.

सर्वांत खोल घाव महार वतनावर पडला. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी 1918 मध्ये महार वतने रद्द करून जमिनी रयताव्याने, म्हणजे चाकरीऐवजी सारा भरून कसायला दिल्या. महाडला मार्च 1927 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत मांस आणि शिळे तुकडे सोडण्याचे आवाहन केले. ते आवाहन स्वाभिमानाचे होते, पण गावाच्या दृष्टीने तो फुकटच्या श्रमांवर घाला होता, आणि म्हणून अनेक गावांनी बहिष्काराने उत्तर दिले. 1928 मध्ये त्यांनी मुंबई कायदे मंडळात 1874 च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक आणले. वतनी जमिनीचा पूर्ण सारा घ्या पण चाकरीतून मोकळे करा, आणि बलुत्याऐवजी रोख मोबदला ठरवा, हा त्याचा गाभा. वतन एकाच्या नावे असले तरी राबावे सगळ्या घराला लागे आणि त्याला वेळेची मर्यादा नव्हती, हे त्यांनी दाखवून दिले. विधेयक पार पडले नाही. कायद्याने हे वतन संपायला 1958 उजाडले. मुंबई राज्याच्या कनिष्ठ ग्रामवतन निर्मूलन कायद्याने ते रद्द झाले.

गाव सोडून मुंबईच्या गिरण्यांत गेलेल्यांना रोख पगार मिळाला, पण जात पाठोपाठ आली. साचेखात्यात, म्हणजे मागांच्या विभागात, बाण्याचा (आडवा) धागा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावा लागे. एकाच धोट्याला अनेकांचे ओठ लागणार, म्हणून सवर्ण कामगार अस्पृश्यांना विणकामात घेऊ देत नसत, आणि पगार तर विणकामातच चांगला. 1928 च्या संपात आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला. बाजाराला जात ठाऊक नसते, असे म्हणणाऱ्यांनी हा धोटा आठवावा.

उरलेली मोडतोड यंत्रांनी केली, आणि ती पाहायची तर बैलांनी विहिरीचे पाणी उपसणारी मोट पाहावी. मोटेचे चाक आणि लाकूडकाम सुताराचे, लोखंडी कडे लोहाराचे, चामडे चांभाराचे, नाडा आणि सोंदूर मांगाने वळलेले. विहिरीवर इंजिन किंवा विजेचा पंप बसला की चौघांचे काम एका दिवसात संपे. शेतकऱ्याला पाणी जास्त मिळे, बैलांचे हाल थांबत. त्याला दोष देण्याचे कारण नाही. पण पंपाच्या दुरुस्तीला येणारा माणूस तालुक्याहून येई, पैसे मोजून घेई आणि त्याची जात सहसा कुणी विचारत नसे. लोखंडी नांगराने, ॲल्युमिनियम-प्लॅस्टिकच्या भांड्यांनी, रबरी चपलांनी आणि ट्रॅक्टरने तेच केले. 1972 च्या दुष्काळात खळ्यावर रासच पडली नाही, तेव्हा बलुते कशाचे घालणार; शेतकरी आणि बलुतेदार दोघेही दुष्काळी कामांवर खडी फोडून रोख मजुरी घेऊ लागले. त्या अनुभवातून वाढलेल्या रोजगार हमीला 1977 मध्ये कायद्याचे रूप मिळाले.

धान्याचा व्यवहार संपला तरी त्याने पाडलेल्या खुणा राहिल्या. सुतार, लोहार, कुंभार, गुरव, जोशी, मुलाणी ही आज आडनावे आहेत. गावाच्या नकाशात आळ्या आणि वाडे तसेच आहेत. ज्यांचे कसब शहरात विकले गेले त्यांना मोबदला चांगला मिळाला : सुतार फर्निचरकडे वळले, न्हाव्यांनी दुकाने थाटली. ज्यांच्या वाट्याला कसबाऐवजी केवळ हलकी ठरवलेली चाकरी आली होती, त्यांच्याकडे बाजारात नेण्यासारखे काही नव्हते. त्यांना शिक्षण आणि आरक्षण हीच वाट होती. सवर्ण-अवर्ण दरीइतकीच ही आतली तफावतही बलुतेदारीचीच देणगी आहे, आणि तिच्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. केंद्र सरकारने 17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू केलेल्या विश्वकर्मा योजनेतल्या अठरा व्यवसायांत सुतार, लोहार, कुंभार, चर्मकार, न्हावी, परीट आहेत. कर्ज आणि प्रशिक्षण मागणारा अर्जदार आता व्यक्ती आहे, वतनदार नाही.

काही गावांत अजूनही न्हाव्याला किंवा गुरवाला वर्षाकाठी धान्य घालतात. दाढीचे पैसे रोख देणारा शेतकरीही सुगीत पायलीभर ज्वारी बाजूला काढतो आणि त्याला बलुतेच म्हणतो.