अमेरिकन पोलीसकथांच्या मालिका : आधी घड्याळ बघा

अमेरिकन पोलीस तपासाची मालिका वाचायची ठरली की आपण बहुतेक वेळा हाताला लागेल त्या पुस्तकापासून सुरुवात करतो. एखाद्या मालिकेत ते खपून जातं. दुसरीत मात्र तिसऱ्याच प्रकरणात लक्षात येतं की नायकाची बायको कधी गेली, जोडीदार का बदलला, बदली कुठल्या भानगडीमुळे झाली, हे सगळं आधीच्या पुस्तकांत घडून गेलंय. मालिकेचं घड्याळ, म्हणजे पात्रांचं वय आणि आयुष्य, पुढे सरकतं की थांबलेलं असतं, यावर ते ठरतं. हा फरक कुठून आला ते या प्रकाराच्या इतिहासात दिसतं. तो माहीत असला की निवड सोपी होते.

दुसऱ्या महायुद्धापर्यंत अमेरिकन गुन्हेकथेवर खासगी डिटेक्टिव्हचं राज्य होतं. पोलीस असायचे ते बहुधा मठ्ठ किंवा लाचखाऊ. 1945 साली लॉरेन्स ट्रीटची ‘व्ही ॲज इन व्हिक्टिम’ आली. तिच्यात पगारावर काम करणारा साधा डिटेक्टिव्ह आणि पोलीस प्रयोगशाळेतला माणूस मिळून तपास करतात. पोलीस प्रोसीजरल, म्हणजे पोलिसांच्या रोजच्या तपासपद्धतीवर उभ्या असलेल्या कथा, या प्रकाराची पहिली कादंबरी म्हणून सहसा तिचंच नाव घेतात. या प्रकाराची चटक लोकांना लावली ती मात्र रेडिओने. जून 1949 मध्ये ‘ड्रॅगनेट’ सुरू झालं. लॉस एंजेलिस पोलिसांच्या खऱ्या प्रकरणांवर बेतलेला हा कार्यक्रम 1951 च्या अखेरीस टीव्हीवरही आला. तारीख, वार, हवामान, ड्यूटी कुठल्या विभागात, अशा कोरड्या नोंदींनी गोष्ट सुरू व्हायची आणि श्रोता त्या कोरडेपणावरच विश्वास ठेवायचा. हिलरी वॉची ‘लास्ट सीन वेअरिंग’ 1952 ची. कॉलेजातली मुलगी नाहीशी होते आणि छोट्या गावचा पोलीस प्रमुख हाती असलेल्या मोजक्या धाग्यांवरून पुन्हा पुन्हा फिरतो. मालिकेत अडकायचं नसेल, या प्रकाराची चव फक्त घ्यायची असेल, तर आजही हीच घ्यावी.

खरी मालिका उभी राहिली 1956 मध्ये. एड मॅकबेन या नावाने इव्हान हंटरने त्या एका वर्षात तीन पुस्तकं दिली : ‘कॉप हेटर’, ‘द मगर’ आणि ‘द पुशर’. त्याला नायक म्हणून एक माणूस नको होता, अख्खं ठाणं हवं होतं. सत्त्याऐंशीव्या प्रीसिंक्टची, म्हणजे ठाण्याच्या हद्दीची, डिटेक्टिव्ह मंडळी हाच नायक. आज कारेला पुढे, उद्या मायर मायर, परवा बर्ट क्लिंग. तिसऱ्या पुस्तकाच्या शेवटी कारेलाला मारून टाकायचं मॅकबेनने ठरवलंही होतं. प्रकाशकाकडून विरोध झाला, कारेला वाचला आणि 2005 पर्यंत, म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षं, टिकला. आयसोला हा मधला भाग असलेलं शहर कल्पित. हा न्यूयॉर्कचाच नकाशा, फक्त दिशा फिरवलेला. खरं शहर घेतलं असतं तर तिथल्या पोलीस खात्याचा प्रत्येक बदललेला नियम दर पुस्तकाला तपासत बसावं लागलं असतं. कल्पित शहरामुळे ती कटकट सुटली. अहवालाचे फॉर्म, बोटांच्या ठशांची कार्डं जशीच्या तशी पानावर छापायची त्याची पद्धत तेव्हा नवी होती.

या मालिकेचं घड्याळ जवळजवळ थांबलेलं आहे. आजूबाजूला काळ्या टेलिफोनचे मोबाइल होतात, कारेलाचं वय मात्र फारसं हलत नाही. त्यामुळे ही पन्नासहून अधिक पुस्तकं कुठूनही उचलावीत. सुरुवातीला ‘किंग्ज रॅन्सम’ (1959) घ्यावं : अपहरणकर्ते श्रीमंताच्या मुलाऐवजी त्याच्या ड्रायव्हरचा मुलगा उचलतात, आणि दुसऱ्याच्या मुलासाठी पैसे मोजायचे का, हा पेच उभा राहतो. अकिरा कुरोसावाने 1963 मध्ये त्यावरच ‘हाय अँड लो’ केला. एक सावधगिरी मात्र हवी : 1956 चं पुस्तक संपवून लगेच 1990 नंतरचं घेतलं तर तीच माणसं वेगळ्याच कायद्याखाली वावरताना दिसतात आणि गोंधळ होतो.

कारण मधल्या काळात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तपासाची रीतच बदलली. 1961 च्या ‘मॅप विरुद्ध ओहायो’ निकालानंतर बेकायदा झडतीत मिळालेला पुरावा राज्यांच्या न्यायालयांतही चालेनासा झाला. 1966 च्या ‘मिरांडा विरुद्ध ॲरिझोना’ने ठरवलं की ताब्यातल्या संशयिताची चौकशी करण्याआधी त्याला गप्प राहण्याचा आणि वकिलाचा हक्क सांगितलाच पाहिजे. 1960 च्या कादंबरीतला डिटेक्टिव्ह हे सांगत नाही, यात लेखकाची चूक नाही. तेव्हा तो नियमच नव्हता.

इथे मराठी वाचकाची एक नेहमीची अडचण होते. आपल्याकडे पोलीस अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध न्यायालयात सिद्ध करता येत नाही. 1872 च्या पुरावा कायद्याचं कलम 25 हेच सांगत होतं आणि 2023 च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम 23 ही तेच सांगतं. अमेरिकेत मात्र हक्क नीट सांगून घेतलेला, स्वेच्छेचा कबुलीजबाब पुरावा म्हणून उभा राहतो. म्हणून तिथल्या कादंबरीत चौकशीच्या खोलीतली चाळीस पानं हाच कळस असतो. संशयिताच्या तोंडून ‘वकील’ हा शब्द निघेपर्यंतची ती झुंज असते. हे ठाऊक नसलं तर ती पानं नुसती लांबण वाटतात.

पोलिसाने आतून लिहायची वाट जोसेफ वॉम्बोने रुंद केली. लॉस एंजेलिस पोलिसात सार्जंट असतानाच 1971 मध्ये त्याची ‘द न्यू सेंच्युरियन्स’ आली. 1960 साली भरती झालेले तिघे आणि 1965 च्या, लॉस एंजेलिसच्याच वॉट्स भागातल्या दंगलीपर्यंतचा त्यांचा प्रवास. ही मालिका नव्हे. पण गुन्हा पोलिसावर काय परिणाम करतो, हा नंतरच्या सगळ्या मालिकांचा गाभा इथूनच आला.

टोनी हिलरमनने तपास शहराबाहेर नेला. त्याचे जो लीपहॉर्न आणि जिम ची हे नवाहो आदिवासी पोलिसांतले. ॲरिझोना, न्यू मेक्सिको आणि युटा या तीन राज्यांत पसरलेला त्यांचा प्रदेश सुमारे 70,000 चौरस किलोमीटरचा. मागवलेली मदत पोचायला तास लागतात. शिवाय 1885 च्या कायद्यानुसार आदिवासी प्रदेशातले खुनासारखे गंभीर गुन्हे केंद्राच्या अखत्यारीत येतात, म्हणजे एफबीआयकडे. भाषा, नाती आणि वाळूतल्या पाऊलखुणा वाचणारा अधिकारी एक, आणि अधिकृत तपास दुसऱ्याकडे. या हद्दीच्या ताणातून हिलरमनची कथा घडते. पहिलं पुस्तक ‘द ब्लेसिंग वे’ (1970) असलं तरी त्यात लीपहॉर्न काहीसा बाजूला आहे. ‘डान्स हॉल ऑफ द डेड’ (1973) पासून सुरुवात करावी. जिम ची 1980 मध्ये येतो, ‘स्किनवॉकर्स’ (1986) मध्ये दोघे एकत्र येतात. ‘अ थीफ ऑफ टाइम’ (1988) आधी वाचू नये. लीपहॉर्नच्या घरी मधल्या काळात जे घडलेलं असतं त्याचा भार त्या पुस्तकावर आहे, आणि ‘स्किनवॉकर्स’ वाचलेलं नसेल तर तो जाणवत नाही.

पुढचं वळण डीएनएचं. अमेरिकेत डीएनएच्या आधारे शिक्षा होऊ लागल्या 1987 पासून. 1990 च्या ‘पोस्टमॉर्टेम’मध्ये पॅट्रिशिया कॉर्नवेलने शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरलाच नायिका केलं. 1998 मध्ये डीएनएची राष्ट्रीय माहितीपेढी सुरू झाली आणि जुने, न सुटलेले खून पुन्हा उघडता येऊ लागले.

त्याचा पुरेपूर उपयोग केला मायकेल कॉनेलीने. पूर्वी लॉस एंजेलिसमध्ये गुन्हेवार्ता लिहिणाऱ्या कॉनेलीची ‘द ब्लॅक इको’ 1992 साली, शहर दंगलीत पेटण्याच्या काही महिने आधी, आली. त्याचा हॅरी बॉश 1950 चा जन्मलेला आणि घड्याळ खरं. दर पुस्तकागणिक तो म्हातारा होतो, निवृत्त होतो, परत येतो, पुन्हा बाहेर पडतो. ‘द क्लोजर्स’ (2005) मध्ये तो जुन्या प्रकरणांच्या विभागात रुजू होतो आणि 1988 च्या खुनातल्या पिस्तुलावरच्या डीएनएची जुळणी त्याच्या टेबलावर येते. ‘द ब्लॅक बॉक्स’ (2012) 1992 च्या दंगलीतल्या एका खुनाकडे परत जातं. पोलीस ज्या जाड फायलीला ‘मर्डर बुक’ म्हणतात तिच्यातल्या तारीखवार नोंदी बॉश कसा वाचतो, यापेक्षा चांगला तपासाचा धडा या प्रकारात दुसरा नाही.

बॉश क्रमानेच वाचावा. निदान पहिली चार तरी. चौथं ‘द लास्ट कायोटी’ (1995) त्याच्या आईच्या 1961 मधल्या खुनावर आहे आणि आधीच्या तिन्हींतला त्याचा राग तिथे उलगडतो. एवढी बैठक जमणार नसेल तर कॉनेलीच्याच दुसऱ्या नायिकेच्या, डिटेक्टिव्ह रेने बॅलर्डच्या ‘द लेट शो’ (2017) ने सुरुवात करा. तीही नवीन, वाचकही नवीन. बॉश तिला पुढच्या वर्षीच्या ‘डार्क सेक्रेड नाइट’मध्ये भेटतो.

जॉन सँडफर्डच्या लुकस डॅव्हनपोर्टचं घड्याळही चालतं, आणि नोकरीही बदलते : आधी मिनियापोलिस पोलीस, मग राज्याची तपास यंत्रणा, नंतर यूएस मार्शल, म्हणजे केंद्राचा पोलीस अधिकारी. पण 1989 च्या ‘रूल्स ऑफ प्रे’पासून प्रत्येक नावात ‘प्रे’ असल्याने नावावरून क्रम लागत नाही. पुस्तकाच्या पहिल्या पानामागची कॉपीराइटची ओळ बघावी, आणि अनेक वर्षं दिली असतील तर सगळ्यात जुनं धरावं. नंतरचं साल बहुधा पुनर्मुद्रणाचं असतं. तिथेच मूळ नावही कळतं. चेस्टर हाइम्सच्या, न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातल्या दोन डिटेक्टिव्हांची पहिली कादंबरी ‘फॉर लव्ह ऑफ इमाबेल’ (1957) पुढे ‘अ रेज इन हार्लेम’ या नावाने निघाली. दोन नावं बघून दोन पुस्तकं समजून घेतली तर एकच पुस्तक दोनदा विकत घ्याल.