जंतांची खाज वेगळी आणि चोळून धुण्याने येणारी खाज वेगळी

आमच्या घरात एकाच महिन्यात दोघांना एकाच जागी, म्हणजे संडासच्या जागी, खाज सुटली, ६ वर्षांची मुलगी आणि ५८ वर्षांचे सासरे. दोघांसाठी सगळ्यांनी एकच उपाय सांगितला, जंताची गोळी द्या. मुलगी बरी झाली, सासऱ्यांना काडीचा फरक पडला नाही, उलट ते २ महिने गप्प राहून सहन करत बसले कारण संडासच्या जागेचं दुखणं सुनेसमोर कसं काढणार. म्हणून हे लिहितेय, या दोन खाजा वरून सारख्या दिसल्या तरी आतून पार वेगळ्या आहेत.

आधी मुलांची. पांढरे, सुतासारखे बारीक जंत असतात, साधारण १ सेंटीमीटरचे, डॉक्टर पिनवर्म म्हणतात. मादी रात्री पोर झोपलं की बाहेर येते आणि गुदद्वाराच्या कडेला हजारो अंडी घालते, त्यानेच खाज सुटते. म्हणजे वेळ बघा, झोप लागल्यावर तासा-दोन तासात मूल चुळबुळ करायला लागलं, रडत उठलं, हात सारखा मागे जात असेल तर पहिला संशय जंतांचा. मुलींना कधी कधी पुढच्या जागीही खाज येते. खाजवलं की अंडी नखात, नखातून तोंडात, चादरीवर, भावंडाच्या हातावर, आणि ही अंडी ४ ते ६ तासात दुसऱ्याच्या पोटात जायला तयार होतात, कपड्यांवर तर २-३ आठवडे टिकू शकतात. गोड खाऊन जंत होतात हे मी लहानपणापासून ऐकलंय पण तसं नसतं, अंडी तोंडात गेल्याशिवाय जंत होत नाहीत.

आणखी एक, शीच्या तपासणीत ही अंडी बहुतेक वेळा सापडतच नाहीत, त्यामुळे रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे जंत नाहीत असं धरू नका. सकाळी मूल उठल्या उठल्या, संडास-अंघोळीच्या आधी, पारदर्शक सेलोटेप त्या जागेवर दाबून काढायची आणि डॉक्टरांकडे न्यायची, असं ३ सकाळी करायचं. किंवा रात्री टॉर्च लावून बघा, जंत डोळ्यांना दिसतात.

औषध सोपं आहे, अल्बेंडाझोल, पण ते मोठे जंत मारतं, अंडी नाही, म्हणून २ आठवड्यांनी दुसरा डोस लागतो आणि घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी घ्यायचा असतो. शाळेत जंतनाशक दिनाला गोळी मिळते तरी काही मुलांना परत त्रास का होतो तर हेच कारण, तिथे एकट्या मुलाला एक गोळी मिळते आणि घर तसंच राहतं. प्रेग्नंट बाई किंवा २ वर्षांखालचं बाळ असेल तर मनाने देऊ नका, डॉक्टरांना विचारा. गोळीसोबत नखं कापणं, सकाळीच अंघोळ, चड्डी रोज बदलणं, चादरी गरम पाण्यात धुणं हे पण पाहिजेच.

आता सासऱ्यांची गोष्ट. त्यांची खाज दिवसाही होती, संडासला जाऊन आल्यावर जास्त, घाम आला की जास्त. जंत नव्हतेच. दोन महिने ते काय करत होते तर स्वच्छता कमी पडतेय असं वाटून साबणाने, मग अँटिसेप्टिक टाकलेल्या पाण्याने, दिवसातून ४-४ वेळा चोळून धुवत होते. त्या जागेची कातडी फार नाजूक असते, साबणाने तिचं तेल निघून जातं, ती कोरडी पडते, बारीक चिरते, खाज वाढते, मग माणूस अजून धुतो. वाईट वाटतं की माणूस स्वच्छ राहायला धडपडतो आणि त्यानेच त्रास वाढतो. उलट बाजूने ओलावाही तितकाच वाईट, नीट न पुसता घट्ट सिंथेटिक चड्डी घातली किंवा पातळ संडास होऊन थोडं थोडं लागत राहिलं तरी खाज सुटते. तिखट, चहा-कॉफी, दारू यांनी काहींना वाढते, सगळ्यांना नाही.

यावर उपाय म्हणजे कमी करणं. फक्त कोमट पाणी, साबण बंद, सेंटेड ओले वाइप्स बंद, जेट स्प्रेचा जोर कमी, मऊ सुती कापडाने टिपून कोरडं करायचं, घासायचं नाही, वरून झिंक ऑक्साइडचं मलम किंवा साधं पेट्रोलियम जेलीचं बोट. सैल सुती चड्डी. रात्री झोपेत हात जात असेल तर नखं कापलेली ठेवा. मेडिकलमधून ‘खाजेची ट्यूब’ आणू नका प्लीज, त्यातल्या कित्येक ट्यूबमध्ये जोरदार स्टेरॉइड असतं, चार दिवस बरं वाटतं, मग कातडी पातळ होते आणि खाली बुरशी असेल तर ती लपून पसरते.

मोठ्यांनाही जंत होऊ शकतात, विशेषतः घरात लहान मूल असेल तर, आणि मूळव्याध, फिशर (त्या जागी पडलेली चीर), बुरशी, शुगर यांनीही खाज येते. म्हणून रक्त दिसलं, गाठ लागली, पाणी-पू आला, संडासची सवय बदलली, वजन उतरलं, किंवा २-३ आठवडे साधे उपाय करूनही थांबली नाही तर दाखवाच. सासऱ्यांना तोंडाने सांगायला जमेना, तर त्यांनी कागदावर लिहून नेलं, कधीपासून, रात्री की दिवसा, काय काय लावलं. डॉक्टरांनी कागद वाचला, तपासलं, आणि पहिलाच प्रश्न विचारला, साबण किती वेळा लावता?