घरच्या ताडपत्रीला सिलिकॉन कोटिंग

सिलिकॉनच्या रेणूवर बाहेरच्या बाजूला मिथाइल गट असतात. ते पाण्याला धरत नाहीत, म्हणून थेंब पसरायच्या ऐवजी गोळा होऊन घरंगळतो. पण सह्याद्रीतल्या वाऱ्यासोबत येणारा पाऊस अडवायचा तर धाग्यांमधली भोकंही बुजायला हवीत. घरच्या कोटिंगमध्ये चूक होते ती इथेच: भोकं बुजवण्याऐवजी कापडावर जाड थर चढवला जातो, तो चिकट राहतो आणि घडीत सोलून निघतो.

कोटिंग नसलेलं रिपस्टॉप (फाटत जाऊ नये म्हणून जाड धाग्यांची चौकट विणलेलं) नायलॉन किंवा पॉलिस्टर घ्या. पीयू (पॉलियुरेथेन) कोटिंग असलेल्या कापडावर सिलिकॉन नीट धरत नाही. आधी साबणाने धुऊन पूर्ण वाळवा.

3 बाय 3 मीटरच्या ताडपत्रीला चौरस मीटरमागे 20 ग्रॅम धरले तर 180 ग्रॅम सिलिकॉन लागतं. ब्रशला, फडक्याला लागून थोडं वाया जातं, म्हणून 200 ग्रॅम घ्या. फटी बुजवायच्या सिलिकॉन सीलंटच्या 280 मिलीच्या एका ट्यूबमध्ये भागतं. ट्यूबवर ‘100 टक्के सिलिकॉन’ लिहिलेलं हवं. वर रंग देता येणारं ॲक्रिलिक सीलंट विरघळतच नाही. रंगाच्या दुकानातलं मिनरल टर्पेंटाईन साधारण एक लिटर लागेल. ते एकदम ओतलं की सिलिकॉनच्या गाठी तरंगत राहतात. आधी थोडंसं घालून दह्यासारखं घोटा, मग हळूहळू पातळ करा. काडी उचलल्यावर तार लोंबायची थांबली की झालं. टर्पेंटाईन पेट घेतं, म्हणून काम अंगणात किंवा गच्चीवर, विस्तवापासून लांब करा. वापरलेल्या चिंध्या पसरून वाळवा.

फोमच्या ब्रशने लावा आणि लगेच कोरड्या सुती फडक्याने पुसून काढा. हे पुसणं कुणी टाळू नये. पुसल्यावर कापड ओलसर दिसावं, चकाकू नये.

टर्पेंटाईन काही तासांत उडतं, पण सिलिकॉन पक्कं होतं ते हवेतल्या बाष्पाने. म्हणून कोरड्या उन्हाळ्यात देशावर वेळ लागतो, कोकणात लवकर उरकतं. व्हिनेगरसारखा वास पूर्ण गेल्याशिवाय घडी घालू नका. एवढं करूनही किंचित चिकट वाटलं तर टाल्कम पावडर चोळा.

आता कापड तोंडाला घट्ट लावून फुंका. हवा आरपार गेली, तर आणखी एक पातळ हात हवा. शिवणीतली सुईची भोकं मात्र या पातळ मिश्रणाने बुजत नाहीत. त्यासाठी निम्मं सिलिकॉन, निम्मं टर्पेंटाईन असं दाट मिश्रण कडक ब्रशने टाक्यांत दाबून भरा. शिवणीवर टेप लावायला जाऊ नका. सिलिकॉनवर सिलिकॉनच चिकटतं.