रोलर कोस्टरमधील ब्लॉक नियंत्रण

एकाच रुळावर एकाहून अधिक गाड्या धावत असताना त्यांची टक्कर होऊ नये, यासाठी रोलर कोस्टरचा मार्ग खंडांत विभागून एका खंडात एका वेळी एकच गाडी येऊ देणाऱ्या विद्युत नियंत्रण व्यवस्थेला ब्लॉक नियंत्रण म्हणतात. मूळ कल्पना रेल्वेची आहे. मुंबईकराच्या कानावर रोज पडणारा ‘मेगाब्लॉक’ हा शब्द मात्र दुरुस्तीसाठी रूळ वाहतुकीला बंद ठेवण्याबद्दलचा असल्याने येथील अर्थाशी त्याची गल्लत करू नये.

रेल्वेगाडीला इंजिन असते. रोलर कोस्टरची गाडी साखळीने चढावावर नेऊन सोडली की पुढचा प्रवास ती केवळ गुरुत्वाकर्षणाच्या बळावर करते. तिच्यात मोटर नसते आणि सहसा ब्रेकही नसतो, कारण ब्रेक रुळालगत ठराविक जागीच बसवलेले असतात. त्यामुळे जिथे गाडी खात्रीने थांबवता येते आणि जिथून ती पुन्हा मार्गस्थ करता येते, अशाच जागी खंड संपवावा लागतो : चढावाचा माथा, मधले ब्रेक, फलाटाआधीचे ब्रेक आणि खुद्द फलाट. पुढचा खंड रिकामा असल्याशिवाय गाडी सोडायची नाही, या नियमामुळे गाड्यांची संख्या खंडांच्या संख्येपेक्षा किमान एकने कमी ठेवावी लागते. अन्यथा सर्व खंड भरून एकही गाडी हलू शकणार नाही.

विजेवरील नियंत्रणाआधी हे काम माणसाच्या हाती होते. मेलबर्नच्या लूना पार्कमधील १९१२ च्या आणि कोपनहेगनच्या टिवोली उद्यानातील १९१४ च्या लाकडी रोलर कोस्टरवर आजही गाडीवरच असलेला ब्रेकमन हाताने ब्रेक लावतो. कॅलिफोर्नियातील डिस्नेलँडमध्ये १९५९ साली सुरू झालेली मॅटरहॉर्न बॉबस्लेड्स ही नळीच्या आकाराच्या पोलादी रुळावरील पहिली रोलर कोस्टर होय. एकाच रुळावर अनेक गाड्या खेळवण्यासाठी तिच्यात विद्युत ब्लॉक नियंत्रण वापरले गेले. त्या काळी असा सारा तर्क रिलेंच्या, म्हणजे विजेने चालू-बंद होणाऱ्या स्विचांच्या, जोडणीत बसवावा लागे. १९६० च्या दशकाअखेरीस मोटारगाड्यांच्या कारखान्यांसाठी प्रोग्रॅमेबल लॉजिक कंट्रोलर (पीएलसी), म्हणजे यंत्रे चालवणारा, प्रोग्रॅम बदलता येणारा औद्योगिक संगणक, तयार झाला आणि पुढे रिलेंनी भरलेल्या कपाटांची जागा त्याने घेतली. आधुनिक रोलर कोस्टरवर सुरक्षेसाठी बनवलेला पीएलसी असतो. त्यात एकच गणित दोन वाटांनी केले जाते आणि उत्तरे जुळली नाहीत तर यंत्रणा थांबते.

गाडी कुठे आहे हे मुख्यतः रुळालगतच्या प्रॉक्झिमिटी सेन्सरवरून कळते. गाडीच्या तळाला लावलेली धातूची पट्टी सेन्सरसमोरून गेली की तो स्पर्शाविना संकेत देतो; झिजणारा भाग नसल्याने पाऊस, धूळ व ग्रीस यांतही तो गाडीने दांडा ढकलल्यावर चालणाऱ्या लिमिट स्विचपेक्षा अधिक टिकतो. महत्त्वाच्या जागी सेन्सर जोडीने बसवतात. खंडात शिरलेली गाडी अपेक्षित वेळेत बाहेर पडल्याची नोंद झाली नाही, तर तो खंड व्यापलेलाच धरला जातो आणि मागच्या गाड्या आपापल्या ब्रेकवर अडवल्या जातात. शंका आली की थांबायचे, ही या व्यवस्थेची रीत आहे.

तीच रीत साध्या खटक्यांतही दिसते. पिवळ्या पार्श्वभूमीवरील लाल, छत्रीसारखे आपत्कालीन बटण एरवी जोडलेल्या संपर्कावर चालते : ते दाबले की मंडल तुटते. त्यामुळे उंदराने तार कुरतडली तरी परिणाम बटण दाबल्यासारखाच होतो. हवेच्या दाबावरील अनेक ब्रेक स्प्रिंगने मिटलेले असतात आणि ते उघडण्यासाठी दाब लागतो, म्हणजे वीज गेली की ते आपोआप आवळले जातात. बसणाऱ्याला धरून ठेवणारा आडवा दांडा कुलूपबंद राहण्यासाठी वीज लागत नाही. बऱ्याच गाड्यांत तो सोडवण्याची ऊर्जा फलाटावरच मिळते, म्हणून वाटेत तो उघडत नाही. चुंबकीय ब्रेकना तर विजेची गरजच नसते.

लाल बटण दाबताच गाडी जागच्या जागी थांबते, हा समज मात्र चुकीचा आहे. वळणात असलेली गाडी पुढच्या ब्रेकपर्यंत जाणारच. बटण वर खेचून मोकळे केल्यानेही यंत्रणा सुरू होत नाही. त्यासाठी स्वतंत्र रीसेट बटण दाबावे लागते. गाडी सोडतानाही बहुधा फलाटावरील दोन कर्मचाऱ्यांना वेगवेगळ्या जागी बटणे एकाच वेळी दाबून धरावी लागतात, कारण एकाला संपूर्ण गाडी दिसेलच असे नाही.

देखभालीसाठी यंत्रणा चावीच्या स्विचने स्वयंचलित अवस्थेतून बाहेर काढता येते, आणि संपूर्ण रचनेत माणसाच्या निर्णयावर सर्वाधिक अवलंबून असलेली जागा हीच आहे. इंग्लंडमधील ऑल्टन टॉवर्स येथील ‘स्मायलर’ या १४ उलट्या वेटोळ्यांच्या रोलर कोस्टरवर २ जून २०१५ रोजी चाचणीसाठी सोडलेली रिकामी गाडी वाटेत अडकली. ब्लॉक नियंत्रणाने १६ प्रवाशांची गाडी योग्य रीतीने मागे रोखून धरली होती. रुळावर गाडी अडकल्याची कल्पना नसलेल्या अभियंत्यांनी हा संकेत खोटा समजून तो ओलांडला आणि भरलेली गाडी रिकाम्या गाडीवर आदळली. जखमींपैकी दोन तरुणींना एकेक पाय गमवावा लागला. सप्टेंबर २०१६ मध्ये न्यायालयाने चालक कंपनीला ५० लाख पौंडांचा दंड केला. रोखलेली गाडी पुन्हा सोडण्यापूर्वी काय तपासायचे याची नीट पद्धतच घालून दिलेली नव्हती, हा दोष कंपनीवर ठेवला गेला. सुरक्षा यंत्रणा ओलांडायची असल्यास वरिष्ठ अधिकाऱ्याची थेट परवानगी आवश्यक राहील, असा नियम कंपनीने २०१५ मध्येच, अंतर्गत चौकशीनंतर, लागू केला होता.