शंखपुष्पी (सामाईक नाव)

शंखपुष्पी या एकाच नावाने भारतात निदान चार रानफुले ओळखली जातात आणि ती तीन वेगळ्या कुलांतली आहेत. आयुर्वेदिक फार्माकोपियाने, म्हणजे आयुर्वेदाच्या अधिकृत औषधग्रंथाने, कॉन्व्हॉल्व्ह्युलस प्रोस्ट्रेटस (जुने नाव कॉ. प्लुरिकॉलिस) हीच शंखपुष्पी धरली आहे. माळरानावरची निळी विष्णुक्रांता, म्हणजे इव्हॉल्व्ह्युलस अल्सिनॉइडिस, तिच्या नावावर सर्रास खपते. केरळात शंखपुष्पी म्हणजे गोकर्ण (क्लायटोरिया टर्नेटिया), तर बंगालकडे कॅन्स्कोरा डिकसाटा. कोणी फुलाचा शंखासारखा पांढरेपणा पाहिला, कोणी आकार. त्यात भावप्रकाश निघंटूत, म्हणजे औषधी द्रव्यांच्या जुन्या संस्कृत कोशात, विष्णुक्रांता हा अपराजितेचा, म्हणजे गोकर्णाचाच पर्याय दिला आहे. त्यामुळे औषधाच्या किंवा नमुन्याच्या चिठ्ठीवर नुसते ‘विष्णुक्रांता’ लिहिले असले, तरी वनस्पती ठरत नाही.

गोकर्ण ओळखणे सोपे: वेल, संयुक्त पान, वाटाण्याच्या कुळातले फूल, चपटी शेंग. कॅन्स्कोराचे खोड चौकोनी व कडांना पंखासारखी पट्टी असलेले, पाने समोरासमोर. फुलातल्या चार पुंकेसरांपैकी एक बाकीच्यांहून ठळक मोठा. खरी चूक होते ती कॉन्व्हॉल्व्ह्युलस व इव्हॉल्व्ह्युलस या पहिल्या दोघींत, कारण दोन्ही हरिणपदी कुलातल्या, जमिनीलगत पसरणाऱ्या, लवदार. इथे रंगावर विसंबू नये. वाळताना निळा रंग विटतो. फूल उभे चिरून भिंगाखाली धरावे. कॉन्व्हॉल्व्ह्युलसमध्ये एकच कुक्षीवृंत (स्त्रीकेसराचा दांडा) असून त्याच्या टोकाला दोन कुक्षी (पराग झेलणारी टोके) दिसतात. इव्हॉल्व्ह्युलसमध्ये कुक्षीवृंतच दोन असतात आणि प्रत्येक पुन्हा दुभंगलेला, म्हणजे टोके चार. शिवाय हिचे फूल केसासारख्या बारीक, लांब देठावर येते. ती सकाळीच पाहावी, ऊन चढले की फुले मिटतात.

औषधात पंचांग, म्हणजे मूळ, खोड, पान, फूल व फळ अशी सगळी वनस्पती, वापरतात आणि बाजारात ते वाळवून, तुकडे करून येते. फुले तोवर गळालेली असतात, म्हणून नुसत्या नजरेने केलेली खात्री फसते. सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी लागते. हा काटेकोरपणा अनाठायी नाही. गोकर्णाचे मूळ व बी रेचक आहे, ते मेध्य (बुद्धीला पोषक) म्हणून नेमाने घेणे बरे नव्हे.

‘बचनाग’ या नावाचा घोटाळा तर जिवावर बेततो. मराठीत ते कळलावीलाही लावतात आणि हिमालयातल्या ॲकोनाइटलाही. दोन्हींचे कंद विषारी, पण पहिल्यात कोल्चिसिन, दुसऱ्यात ॲकोनिटिन. विषबाधेच्या रुग्णाबरोबर नुसते नाव न सांगता खाल्लेल्या कंदाचा उरलेला तुकडा न्यावा.

नमुना गोळा करताना फूल, फळ व मूळ तिन्ही असलेले रोप कागदात दाबावे. चिठ्ठीवर स्थानिक नाव जसेच्या तसे, ते कोणत्या गावात व कोणत्या बोलीत ऐकले, ताज्या फुलाचा रंग, तारीख, आणि शास्त्रीय नाव फूल तपासल्यावरच लिहावे. लोकनाव खोडून ‘दुरुस्त’ करू नये. त्या गावापुरते ते बरोबरच असते.